नकल मिळाल्याची तारीख

अशील समोर येऊन बसला की वकीलसाहेब त्याच्याकडे पाठ करून बसत. भिंतीकडे तोंड, मांडी घातलेली, आणि मागून अशील आपली कहाणी सांगतोय, असा तो देखावा असे. नवखा माणूस गोंधळून जाई. एक पाटील तर आपला अपमान झाला असं समजून पागोटं सावरत उठून गेला होता. मी एकदा विचारलं, "हे काय खूळ?" तर म्हणाले, "तोंड पायलं का दया येते, नाई तं राग येते. मले दोन्ही नाई पायजे. नुसतं कानानं आयकलं का खोटं लवकर समजते."

मी मूळचा पुण्याकडचा. वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला, नव्या कचेऱ्या उघडल्या, आणि अक्षर बरं असणाऱ्या माणसांना तिकडे मागणी आली. माझ्याजवळ अक्षराखेरीज दुसरं काही नव्हतंच. अमरावतीला साहेबाच्या कचेरीत मी नकलनवीस झालो. निकालांच्या आणि जबान्यांच्या नकला करायच्या, नकल तयार झाली की तिची तारीख वहीत घालायची, आणि ज्याने अर्ज केला असेल त्याची सही घेऊन ती त्याच्या हातात द्यायची, एवढंच माझं काम. वकीलसाहेब एलिचपूरकडचे, निजामी अमलात फारसी शिकून वकील झालेले, माझ्याहून वीस वर्षांनी वडील. मला ते 'पुनेकर' म्हणत. त्यांची बोली सुरुवातीला माझ्या कानांना अशी टोचायची की मला वाटे, हा माणूस सदा माझ्यावर डाफरतोय. पुढे कळलं की ते लाडानेसुद्धा असंच बोलतात.

गावात त्यांना सगळे 'बह्याड वकील' म्हणत. बह्याड म्हणजे वेडा. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. "शाने वकील लय झाले अमरावतीत," ते म्हणत, "एखांदा बह्याड बी पायजे."

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिथला कापूस बंद पडला म्हणून आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. परकोटाच्या बाहेर जिथे काल बाभळी होत्या तिथे आज गोदाम उभं राही. अकोल्याच्या रस्त्याला कापसाच्या गाड्यांची रांग लागे ती हलता हलत नसे. माणसांची डोकी फिरली होती. सख्खे भाऊ बांधावरून कचेरीत येत, जावई सासऱ्यावर फिर्याद करी, आणि वकिलांची चंगळ होती. आमच्या वकीलसाहेबांकडे मात्र तेच दोन-चार फाटके अशील. "कापूस हलका असते, पुनेकर," ते म्हणत. "त्याच्यासंगं मानसं बी उडून राहिली. खाली पडतीन तवा पायजो."

त्यांच्याकडे धनाढ्य अशील का टिकत नसत, याची एक गोष्ट सांगतो. एका व्यापाऱ्याचा दावा ते चालवत होते. जिंकण्याच्या बेतात होते. पुराव्याचा शेवटचा कागद साहेबापुढे ठेवण्याआधी त्यांनी तो उजेडात धरला, बोटाने चोळला, हुंगला, आणि भर कचेरीत म्हणाले, "सायेब, हा कागद दहा वर्साचा नाई. शाई ताजी हाये." स्वतःच्याच अशिलाचा कागद! दावा तिथेच निकालात निघाला. व्यापारी जोडा हातात घेऊन त्यांच्या मागे कचेरीच्या आवारभर धावला. हे पुढे, तो मागे, आणि आम्ही सगळे कारकून खिडक्यांत. धापा टाकत माझ्या खोलीत शिरले तेव्हाही कपाळावर आठी नव्हती. म्हणाले, "कागद मुका असते, बाप्पा. मुक्याच्या तोंडी आपून खोटं घालू नाई."

आम्ही हसलो. पण त्या दिवसापासून त्यांचा कागद साहेब उलटून न बघता ठेवून घेई, हेही खरं.

माझी त्यांच्याशी गट्टी जमली ती नकलांमुळे. इतर वकील आपला माणूस पाठवून नकल नेत. हे स्वतः येत, आणि नकल तशीच कधी नेत नसत. मूळ निकाल माझ्या हातात, नकल त्यांच्या हातात, आणि आम्ही दोघे कचेरीच्या पायऱ्यांवर सकाळच्या उन्हात बसून ओळ न् ओळ ताडून बघायचो. मी म्हणे, "तयार आहे, न्या की." ते म्हणत, "तयार हाये हे तुमी म्हनता. मी वाचीन तवा ते मले भेटली." चार वर्षांत त्यांना माझी एकच चूक सापडली, एका साक्षीदाराच्या बापाचं नाव गळलं होतं. त्या दिवशी ते इतके खूश झाले की घरी बोलावून त्यांनी मला पुरणाची पोळी खाऊ घातली. वाढताना बायकोला सांगत होते, "याची चूक सापडली मले आज!" ती बिचारी माझ्याकडे बघून ओशाळली.

दुसरी त्यांची सवय अपिलाची. वरच्या कचेरीत, म्हणजे अकोल्याला, अपील दाखल करायला साठ दिवसांची मुदत असे. नकल मिळायला जे दिवस लागत ते त्यात धरत नसत. वकीलसाहेब अपिलाचा मसुदा पहिल्या आठवड्यातच लिहून काढत आणि मग साठाव्या दिवसापर्यंत कोनाड्यात ठेवून देत. रोज सकाळी काढून वाचत, एखादा शब्द खोडत, परत ठेवत. कुणी घाई केली तर म्हणत, "मुरू द्या. लोनचं काय घातल्या दिवशी खातेत?" तरुणपणी त्यांनी एक अपील घाईने दिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना असा मुद्दा सुचला की ज्यावर माणूस सुटला असता, पण कागद हातचा गेला होता. तेव्हापासून साठावा दिवस म्हणजे साठावा दिवस. आणि तो कधी चुकला नव्हता.

ही त्यांची दोन्ही खुळं चांगलीच होती, असं मी आजही म्हणतो. एक काळजीचं, दुसरं धीराचं. दोघांनी मिळून एका माणसाचा घात केला.

त्या माणसाचं नाव गोविंदा माळी. परकोटाच्या बाहेर, नाल्याकाठी त्याचा लहानसा मळा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, कडेला झेंडू. तो मोट हाकी, बायको जानकी वाफे सांभाळी आणि बाजारात बसे. मळ्याला लागून एका व्यापाऱ्याने कापसाचं गोदाम बांधलं आणि गोदामाच्या गाड्या मेथीच्या वाफ्यांतून जाऊ लागल्या. गोविंदाने आधी हात जोडले, मग भांडला. एक दिवस चार लोकांदेखत तो ओरडला, "आग लागो तुह्या कापसाले!" आठव्या दिवशी, दिवेलागणीला, गोदाम खरंच पेटलं. गोदामाच्या राखणदाराने जबानी दिली की गोविंदाला धावत जाताना पाहिला. एक शिवी आणि एक जबानी. कापसाच्या आगीचं साहेबलोकांना त्या दिवसांत फार भय होतं. वकीलसाहेबांनी त्याचा खटला चालवला, तरी गोविंदाला काळ्या पाण्याची सजा झाली.

"आग लागो म्हनल्यानं आग लागते," वकीलसाहेब निकाल ऐकून आल्यावर म्हणाले, "तं अमरावतीत एक बी घर शिल्लक नसतं." पण त्या दिवशी त्यांनी पानसुद्धा खाल्लं नाही.

गोविंदा त्या संध्याकाळी अमरावतीत नव्हताच. रिद्धपूरला महानुभावांच्या मठात पंगत होती, तिथे भाजीचं गाठोडं पोचवायला गेला होता आणि तिथेच मुक्काम केला होता. मठातल्या एका म्हाताऱ्या साधूने त्याला पांघरायला घोंगडी दिली होती. पण साधू लगेच भिक्षेच्या फिरतीवर निघून गेलेला, खटल्याच्या वेळी तो सापडला नाही, आणि गोविंदाच्या नुसत्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून सजा होताच वकीलसाहेबांनी नकलेचा अर्ज माझ्याकडे टाकला आणि ते साधूच्या शोधाला निघाले. पायी. वय पन्नाशीच्या पुढे, आणि ऊन असं की ढोरंसुद्धा सावली सोडत नव्हती.

नकल मी मार्च महिन्याच्या नऊ तारखेला तयार केली. वहीत 'तयार झाली' या घरात नऊ घातले. रिद्धपूरला जाणारा एक गाडीवान भेटला, त्याच्याबरोबर निरोप धाडला. चार दिवसांनी उलट निरोप आला, "ठेवून द्या. साधू भेटला का येतो." साधू भेटला तो पार कौंडण्यपूरला, वर्धेच्या काठावर. त्याला गोविंदा आठवत होता, घोंगडी आठवत होती. "जिथं म्हनसान तिथं येतो, खरं ते सांगतो," म्हणाला. वकीलसाहेब परत आले ते पायांना फोड घेऊन, पण चेहरा असा की दिवाळी आहे. एकोणीस तारखेला सकाळी आम्ही पायऱ्यांवर बसून नकल ताडली. त्यांनी सही केली. 'दिली' या घरात मी एकोणीस घातले.

इथे चूक झाली. साठ दिवस मोजायचे ते नकल तयार झाल्यापासून. वकीलसाहेबांनी मोजले ते नकल हातात पडल्यापासून. त्यांच्या लेखी वाचून झाल्याशिवाय नकल मिळतच नव्हती. आणि चार वर्षांत या दोन तारखा त्यांच्या बाबतीत कधी वेगळ्या पडल्याच नव्हत्या, कारण तयार झाली त्याच दिवशी ते हजर असत. म्हणून त्यांची मोजणी चुकीची आहे हे त्यांना कळलं नाही, मला कळलं नाही, कुणालाच कळलं नाही.

एप्रिल गेला. मी दोनदा म्हणालो, "दाखल करून टाका. पावसाळ्याआधी कैद्यांना मुंबईला नेतात, मग जहाज." ते म्हणाले, "अजून मुरून राहिलं." जानकी रोज बाजार उठला की त्यांच्या ओसरीवर येऊन बसायची. काही विचारायची नाही. येताना उरलेली भाजी आणायची आणि ती न बोलता उंबऱ्याशी ठेवायची. तिला साठाव्या दिवसाचं काय कळणार? वकीलसाहेबांनी सांगितलं होतं, "तुह्या मानसाले आनतो मी वापस," आणि त्या माणसाने खोटं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

मे महिन्याच्या अठरा तारखेला त्यांनी अकोल्याला अपील दाखल केलं. त्यांच्या हिशेबाने साठावा दिवस. खऱ्या हिशेबाने दहा दिवस उशीर.

आठवडाभराने अकोल्याहून आमच्या कचेरीला चिठ्ठी आली. अपील मुदतीबाहेर दिसतं. अमक्या निकालाची नकल कोणत्या तारखेला तयार झाली ते वही पाहून कळवा. चिठ्ठी माझ्याच हातात आली, कारण वही माझ्याच ताब्यात. मी वही उघडली. नऊ. एका निकालाला एक पान, त्यामुळे वर-खाली ताडून बघायला दुसरी तारीख नव्हती. नवाच्या आधी एकचा आकडा काढला की एकोणीस होणार होते. शाई माझी, टाक माझा, अक्षर माझं. जगात कुणाला कळलं नसतं.

वही काखेत मारून मी वकीलसाहेबांच्या घरी गेलो. दुपारची वेळ होती. जानकी ओसरीवर बसलेली होती. मी तिच्यादेखतच सगळं सांगितलं, इतका घाबरलो होतो. चिठ्ठी दाखवली, वही दाखवली. मग त्यांनी बोटांवर मोजलं. परत मोजलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"माह्यी चूक झाली," ते म्हणाले.

मी म्हणालो, "एक आकडा घालतो. एवढंच. तुम्ही हो म्हणा."

"नाई."

"वकीलसाहेब, माणूस काळ्या पाण्यावर जाईल."

"समजते मले. तरी नाई. वहीत नऊ हाये तं नऊच लिवा. मी सायबाले अर्ज करतो, मुदत वाढवून मांगतो. कायद्यात हाये तसं. कारन सबळ असन तं सायेब मुदत वाढवते. माह्यी चूक मी सांगीन."

जानकीला तोवर सगळं उमगलं होतं. ती उठून उभी राहिली. "तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवा, वकीलसायेब," ती म्हणाली. "मले माहा मानूस पायजे."

तिचे डोळे कोरडे होते. मी कचेरीत परत आलो आणि अकोल्याला उत्तर लिहिलं. नऊ तारीख.

मुदत वाढवून मागण्याचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. चार ओळींचा. दुसऱ्या वकिलांनी त्यांना समजावलं. एक म्हणाला, तापाने पडलो होतो म्हणून लिहा, वैद्याची चिठ्ठी मी आणून देतो. दुसरा म्हणाला, गाड्यांच्या गर्दीत रस्ता अडला म्हणून लिहा, हे तर सगळ्या वऱ्हाडाला पटेल. त्यांनी लिहिलं, "दिवस मोजण्यात माझी चूक झाली. अशिलाचा दोष नाही."

सुनावणीला मला वही घेऊन बोलावलं. आम्ही एकाच रेंगीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, निघालो. वकीलसाहेब, मी, जानकी, आणि तो म्हातारा साधू. आगगाडी तेव्हा अजून आलेली नव्हती. नुसता भराव पडत होता. पुढे कापसाच्या गाड्या, मागे कापसाच्या गाड्या, आणि मधे आम्ही चौघे. मूर्तिजापूरला बैल सोडले तेव्हा जानकीने भाकरी आणि कांदा सगळ्यांना वाटला. वकीलसाहेबांच्या हातात भाकरी देताना तिने विचारलं, "सायेब काय इचारतीन?"

"इचारतीन, उशीर काहून झाला."

"मंग?"

"खरं सांगू."

"खऱ्यानं सुटते का मानूस?"

"सुटाले पायजे," ते म्हणाले. त्यांनी ती भाकरी खाल्ली नाही. बैलाला घातली.

अकोल्याचा साहेब वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण अशा गोष्टीत एक वाईट माणूस असला म्हणजे बरं असतं, आणि इथे तो नाही. साहेब इंग्रजीत बोले, शिरस्तेदार मराठीत सांगे. साहेबाने अर्ज वाचला, कपाळाला हात लावला आणि विचारलं, "तुम्ही त्या दिवसांत आजारी होता काय?"

"नाई."

"रस्ता बंद होता?"

"नाई. मी साक्षीदार धुंडून राहिलो होतो."

साहेबाने अर्ज खाली ठेवला. मग त्याने सावकाश काही म्हटलं, आणि शिरस्तेदारानेही ते तितक्याच सावकाश सांगितलं. "नकल तयार झाली हे तुम्हाला कळलं नसेल. निरोप पोचला नसेल."

विहिरीत पडलेल्याला वरून दोर सोडावा तसं ते वाक्य होतं. कचेरीतल्या प्रत्येकाला ते कळलं. मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. एकदा नुसती मान हलवायची होती, तोंडाने काही बोलायचीही गरज नव्हती.

"पोचला होता," ते म्हणाले. "रिद्धपुरात भेटला मले. या पुनेकरानं धाडलता. मी उशीर कराले म्हनून थांबलो नाई, पन नकल तयार हाये हे मले ठाऊक होतं." मग त्यांनी आपली सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, उपरण्यातून काढून टेबलावर ठेवली. "चूक माह्यी हाये, सायेब. सजा मले द्या. हे काढून घ्या. त्या मानसाचं आयकून घ्या. त्याचा साक्षीदार भायेर बसला हाये."

साहेबाने माझ्याकडे वही मागितली. मी उघडून पुढे धरली. नवावर त्याने बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

हुकूम तिथल्या तिथे झाला. वकील हा अशिलाचाच हात. हाताची चूक ती माणसाची चूक. निरोप मिळूनही नकल नेली नाही, सबब कारण सबळ नाही. मुदत वाढवता येत नाही. सनद साहेबाने परत केली. म्हणाला, असा खरा वकील मी या मुलखात पाहिला नाही. हे शब्द शिरस्तेदाराने मोठ्या आदराने सांगितले. मला ते ऐकून ओकारी आली, खरंच आली. मी बाहेर येऊन भिंतीशी वाकलो.

साधू निंबाखाली बसून होता. त्याला कुणी आत बोलावलं नाही. संध्याकाळी तो उठून आपल्या वाटेने गेला. जानकीला दुसऱ्या दिवशी अकोल्याच्याच तुरुंगाच्या दाराशी गोविंदाची भेट मिळाली, दोन शब्दांची. काय बोलले ते तिने सांगितलं नाही. मृगाच्या आधी कैदी मुंबईला गेले. पुढे त्याची काही खबर आली नाही, ना पत्र ना निरोप. कुंकू लावावं की पुसावं हे तिला कुणीच सांगू शकत नव्हतं. ती लावत राहिली.

वकीलसाहेबांनी वकिली सोडली नाही. लोकांना वाटलं सोडतील, मलाही वाटलं. उलट रोज वेळेवर कचेरीत येत. फक्त नकल घेताना आता ते वाचत नसत. मी मूळ कागद घेऊन पायऱ्यांवर जाऊन बसे, आणि ते नकलेची घडी करून, सही ठोकून, निघून जात. एकदा मी हाक मारली, "वाचायची नाही का?" तर म्हणाले, "वाचून काय होते?" मला त्यांचा संताप आला. तुमच्या खरेपणापायी माणूस गेला, आणि आता तोही टाकून देता? हे मी त्यांना बोललो. अगदी असंच बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. "बरोबर हाये," म्हणाले, आणि गेले. दोन वर्षांनी ते एलिचपूरला परतले आणि तिथेच वारले. निरोप आला तेव्हा मी कचेरीत होतो. शेजारच्या कारकुनाला म्हणालो, फार सच्चा माणूस होता. तो म्हणाला, हो, तसा माणूस होणार नाही. मी पुढे वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येई. त्यांच्या खरेपणाची गोष्ट सांगता सांगता मलाही थोडं खरं झाल्यासारखं वाटे, हे लपवत नाही.

वकीलसाहेब वारले तोवर अमेरिकेतली लढाई संपली होती आणि कापूस आपटला होता. बरीच गोदामं ओस पडली. एका शुक्रवारी मी बाजारात गेलो. जानकी आपल्या जागी बसली होती, पुढ्यात वांग्यांचा ढीग. केस पांढरे झाले होते. मी इतकी वर्षं तिच्याकडून भाजी घेणं टाळलं होतं, त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, समोर जाऊन बसलो. ती वांगी निवडून देऊ लागली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "वकीलसाहेब गेले. एलिचपूरला."

"आयकलं मी."

"तू त्यांना माफ केलंस का, बाई?"

तिने तागडी खाली ठेवली. "त्याच्यावर माहा राग कवाच नवता," ती म्हणाली. "थो मानूस तसाच होता. साऱ्या वऱ्हाडाले ठाऊक होतं थो कसा हाये. थो हो म्हनालाच नसता." मग ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "वही तुमच्यापाशी होती. टाक तुमच्यापाशी होता. तुमी त्याले इचाराले काहून आलते?"

गिऱ्हाइकं मागे खोळंबली होती. मी वांगी घेतली आणि उठलो. ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली होती. पण उत्तर मला माहीत होतं, वही काखेत मारून निघालो होतो त्या दुपारीच माहीत होतं. ते नाही म्हणतील, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी विचारायला गेलो होतो.